ठसा विकतचा आहे, कार्ड नाही

हाताने केलेल्या भेटकार्डांवर पुण्यात एक ठरलेला शेरा मारला जातो. प्रदर्शनातल्या स्टॉलसमोर उभं राहून, घरगुती समारंभात कार्ड उलटसुलट करून बघत, कधी करणाऱ्या बाईच्या तोंडावरच लोक म्हणतात, ‘‘यात तुमचं काय आहे? ठसे विकतचे, शाई विकतची, फुलं मशिनने कापलेली. तुम्ही नुसतं चिकटवलंत.’’ त्यापाठोपाठ आणखी तीन वाक्यं येतात. हा रिकामपणचा उद्योग आहे. हे परदेशी खूळ आहे. आणि व्हॉट्सॲपवर शुभेच्छा फुकट पाठवता येत असताना एका कार्डाला अडीचशे रुपये कोण देणार? हे आक्षेप मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. ऐकणारेही मान डोलावतात आणि कार्ड करणारी ओशाळून गप्प बसते. म्हणून या आक्षेपांना एकदा सविस्तर उत्तर द्यायला हवं.

उदाहरणाला मी लग्नाच्या वाढदिवसाचं कार्ड घेते. दिवाळीचं किंवा नव्या वर्षाचं कार्ड शंभर जणांना एकच पाठवलं तरी चालतं. लग्नाच्या वाढदिवसाचं कार्ड मात्र एका जोडप्यासाठी, त्यांच्या एका तारखेसाठी असतं. त्या दोघांनी संसार कसा केला हे दुकानातल्या छापील कार्डाला माहीत असण्याचं कारणच नाही. करणाऱ्याला ते माहीत असतं, आणि माझा सगळा युक्तिवाद याच एका गोष्टीवर उभा आहे.

आधी टेबलावर काय चालतं ते नीट पाहू, कारण आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. 300 जीएसएमचा ए-फोर कागद मधोमध कापला की दोन कार्डांचे तळ मिळतात. प्रत्येक तुकडा दुमडला की 105 बाय 148 मिलिमीटरचं कार्ड तयार होतं. कापण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहायचा, कारण कागदातल्या तंतूंना दिशा असते. त्या दिशेने घडी घातली तर ती स्वच्छ बसते, आडवी घातली तर घडीवर कागद फुटतो. पारदर्शक पॉलिमरचा नवा ठसा शाई नीट धरत नाही, ती त्याच्यावर थेंबाथेंबाने साचते. त्यावर खोडरबर हलक्या हाताने फिरवून आधी चकाकी मोडावी लागते. मग ठसा ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर लावून सरळ दाबायचा. मनगट जरा डुललं तरी ठशाची कड उमटते आणि कागद वाया जातो.

शाईतही निवड असते. कागदात मुरणारी पातळ शाई चटकन वाळते, पण उजेडात फिकी पडते. पिगमेंट इंक कागदाच्या वर राहते आणि वाळायला वेळ घेते. त्या ओलेपणावरच एम्बॉसिंग पावडर चिकटते आणि हीट गनखाली वितळून तिची चकचकीत, उठावदार रेघ होते. गरम हवा थोडी जास्त वेळ धरली की कागद वाकडा होतो. पुण्यातल्या जुलै महिन्यात हवेत इतका दमटपणा असतो की पावडर नको तिथेही चिकटते, म्हणून आधी कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवून घ्यावी लागते. यातलं काहीही ठशाच्या पाकिटात मिळत नाही. ते हाताला शिकावं लागतं.

आता ‘मशिनने कापलेल्या’ फुलाकडे येऊ. डाय म्हणजे एका बाजूने धार असलेला पोलादाचा पातळ साचा. डाय आणि कागद दोन पाट्यांमध्ये ठेवायचे, हँडल फिरवायचं आणि ती थप्पी रोलरखालून काढायची. पेठेतल्या छापखान्यात लग्नपत्रिकेचं पंचिंग होतं त्याचंच हे घरगुती रूप आहे. एका मुलीला आईवडिलांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी कार्ड हवं होतं. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या जुन्या वाड्याच्या अंगणात प्राजक्त होता. वाडा पाडून तिथे इमारत झाली आणि प्राजक्त गेला. तिला तो कार्डावर हवा होता. बाजारात गुलाबाचे डाय ढिगाने मिळतात, प्राजक्ताचा मला मिळाला नाही. म्हणून सहा पाकळ्यांच्या एका साध्या फुलाचा डाय घेतला आणि पांढऱ्या कागदातून फुलं कापली. प्रत्येक पाकळी बोन फोल्डरच्या, म्हणजे घडी दाबायच्या पट्टीच्या टोकाने एकाच दिशेला किंचित पिळली, कारण प्राजक्ताच्या पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या वळलेल्या असतात. मधोमध शेंदरी शाईचा ठिपका दिला. फुलं फांदीवर लावली नाहीत. ती कार्डाच्या तळाशी, काही पालथी, काही उताणी अशी विखरून चिकटवली, कारण सकाळी प्राजक्त जमिनीवरच दिसतो. डाय करणाऱ्या कंपनीला हे फूल ठाऊक नव्हतं. त्या आईवडिलांनी मात्र ते पाहताक्षणी ओळखलं. यात तुमचं काय आहे, या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे फूल आहे.

साधन विकतचं असलं की वस्तू विकतची होते, हा नियम आपण दुसरीकडे कुठेच लावत नाही. सोऱ्या आपण तुळशीबागेतून विकत आणतो, चकलीची चकती कारखान्यात बनलेली असते, आणि तरी त्यातून पडलेली चकली घरचीच असते. भाजणी कशी भाजली, मोहन किती घातलं, कडा तुटू न देता वेढा कसा घातला, यावरून ती कुणाच्या हातची आहे हे घरातली माणसं सांगतात. कागदाच्या कामाला तोच न्याय लावा, एवढंच मागणं आहे.

ठशाबद्दलचा आक्षेप तर आपल्या इतिहासाच्याही विरुद्ध जातो. मराठ्यांच्या कागदपत्रांत राजाचा शिक्का पत्राच्या माथ्यावर उमटवला जाई आणि मजकूर संपला की खाली मोर्तब केलं जाई, म्हणजे नंतर कुणाला त्यात ओळ घुसडता येऊ नये. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा असंख्य पत्रांवर उमटली. मुद्रा एकच होती, पण प्रत्येक पत्रातला माणूस, प्रसंग आणि हुकूम वेगळा होता. मुद्रा तीच आहे म्हणून ते पत्र महाराजांचं नव्हे, असं कुणाच्या मनातही आलं नसतं. उलट त्या ठशामुळेच पत्र अस्सल ठरत होतं. पुण्यात पेशवे दफ्तरातले, जुने कागद बांधून ठेवलेले रुमाल उघडले की हातकागदावर बोरूने लिहिलेली मोडी आणि तिच्या सोबतीला उमटलेले शिक्के आजही दिसतात. हाताचं लिहिणं आणि ठसा त्या कागदांवर शेजारी शेजारी आहेत आणि एकाने दुसऱ्याचं मोल कमी केलेलं नाही.

ठसे कोरण्याची कलाही या शहराला नवी नाही. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरं कोरून घेऊन भगवद्गीता छापण्याचा घाट घातला गेला होता. 1800 मध्ये नाना गेले आणि ते काम पुण्यात तडीला गेलं नाही. त्या कारागिराला मिरजेच्या पटवर्धनांनी आश्रय दिला आणि 1805 मध्ये त्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. पुढे 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली आणि तिथे छापलेली देवादिकांची चित्रं घराघरांत भिंतीवर गेली. पुणे विद्यार्थी गृहाने तर मुद्रणाचं शिक्षण देणारी संस्थाच उभी केली. कोरलेल्या पृष्ठावर शाई लावून ती कागदावर उतरवणं हे पुण्याला शोभणारं काम आहे. टेबलावरचा छोटा ठसा त्याच घराण्यातला आहे.

दुसरा आक्षेप परदेशी खुळाचा. भेटकार्ड परदेशातून आलं हे खरंच आहे. 1843 मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं. विक्रीसाठी छापलेलं ते पहिलं नाताळ कार्ड मानलं जातं. रेषा शिळाछापावर छापल्या आणि रंग हाताने भरले. म्हणजे या प्रकाराच्या जन्मापासूनच छाप आणि हात एकत्र आहेत. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर इथे एस्थर हाउलँड या तरुणीने इंग्लंडहून जाळीदार कापलेले नक्षीचे कागद मागवले, घरातच मैत्रिणींना कामाला बसवलं आणि प्रेमपत्रांची कार्डं जुळवून विकायला सुरुवात केली. एकीने कागद कापायचे, दुसरीने थर रचायचे, तिसरीने चिकटवायचे, अशी कामाची वाटणी होती. ‘नुसतं चिकटवण्याच्या’ या कामातून उभा राहिलेला धंदा तिने 1881 मध्ये विकेपर्यंत चालवला. जुळवणी हे कसबाचं काम आहे हे तेव्हाच सिद्ध झालेलं आहे.

परदेशातून आलं म्हणून टाकून द्यायचं, तर छापखानाही टाकावा लागेल. प्रश्न असतो तो आलेली गोष्ट आपण आपली केली की नाही हा. कसबा पेठेतला कागदीपुरा इथे कागद बनवणाऱ्या कारागिरांची वस्ती होती हे आजही नावानिशी सांगतो. गिरणीच्या कागदापुढे तो धंदा बसला. मग 1940 मध्ये, ग्रामोद्योगांच्या चळवळीत, के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांतून शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली आणि झाड न तोडता, सुती चिंध्यांपासून कागद करण्याचं काम पुण्यात पुन्हा सुरू झालं. हा कागद भेटकार्डासाठी वापरून पाहावा. त्याचा पोत खडबडीत असतो, म्हणून बारीक नक्षीचा ठसा त्यावर तुटक उमटतो. कागदाखाली मऊ फोमची गादी घेतली आणि ठळक रेषेचा ठसा निवडला तर छाप सुरेख येतो. डायने कापताना तंतू कडेला अडकतात, तेव्हा थप्पी फिरवून रोलरखालून पुन्हा काढावी लागते. पण त्या कागदाची न कापलेली, विरळ कड कार्डाला जे रूप देते ते आयात केलेल्या गुळगुळीत कार्डस्टॉकला येत नाही. पुण्याच्या कागदावर पुण्याच्या अंगणातला प्राजक्त उमटला, तर त्यात परदेशी काय उरलं?

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. घरातला पुरुष रविवारभर जुनी स्कूटर खोलून बसला की तो त्याचा छंद असतो. कॅमेऱ्याच्या लेन्सवर त्याने हजारो रुपये घातले की ती हौस असते. बाई दोन तास कागद कापत बसली की मात्र ती रिकामी असते. काम कोणतं आहे यापेक्षा ते कोण करतं हे पाहून दिलेला हा निकाल आहे आणि तो अन्यायाचा आहे. ही कार्डं करणाऱ्यांत नोकरी करणाऱ्या, निवृत्त झालेल्या, आजारपणातून उठलेल्या बायका आहेत आणि काही पुरुषही आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकाने वागल्यावर दोन तास स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हाताने, दुसऱ्या कुणाला आनंद देण्यासाठी घालवणं याला रिकामपण म्हणू नये.

व्हॉट्सॲपचा मुद्दाही इथेच येतो. तिथे शुभेच्छा जातात, याबद्दल वाद नाही. दूरच्या माणसाला त्या क्षणात पोहोचतात, हे चांगलंच आहे. पण लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी कुटुंबाच्या ग्रुपवर एकच फुलांचं चित्र दहा जणांनी पुढे ढकललं, तर त्या दोघांकडे त्यातलं उरतं काय? फोन बदलला की तेही जातं. कागद राहतो. कपाटातल्या पत्रिका, पत्रं, मानपत्रं आपल्या आजी-आजोबांनी जपली म्हणून आपल्याला घराचा इतिहास कळतो. पुण्यातच दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. घरगुती वस्तूंवर माणसाचा हात कसा फिरतो हे तिथे जाऊन आपण कौतुकाने पाहतो. मग आपल्या घरात, आपल्या काळात केलेल्या वस्तूची हेटाळणी कशासाठी?

चौथा आक्षेप किमतीचा. हिशेब मांडूनच बोलू. कार्ड अडीचशे रुपयांना आहे असं धरा. कागद, शाई, पावडर, फोम टेप आणि पाकीट यांचे पन्नास रुपये वजा करा. काम दोन तासांचं असेल तर करणाऱ्याच्या हातात तासाला शंभर रुपये पडतात. त्यातून अजून मशिनची आणि डायची किंमत वसूल व्हायची असते, स्टॉलचं भाडं द्यायचं असतं, बिघडलेल्या कार्डांचा खर्च भरून काढायचा असतो. घरी पंखा दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला आपण या भावात बोलावू शकत नाही. तरीही ‘‘कागदाचे एवढे?’’ असं विचारून वर घासाघीस करतो. कागदाचे पन्नासच आहेत हो, बाकीचे मेहनतीचे आहेत. ज्याला परवडत नाही त्याने घेऊ नये, त्यात गैर काही नाही. पण ते महाग आहे असं म्हणण्याआधी एवढा हिशेब करावा.

आता जे आक्षेप खरे आहेत तेही मांडते, कारण ते कार्ड करणाऱ्यांनीच मांडायला हवेत. एक, नवे ठसे आणि डाय विकत घेण्याच्या नादात कपाटं भरतात आणि कार्डं होत नाहीत. साहित्य जमवणं हे कसब नव्हे. मोजके ठसे आणि दोन-तीन रंग एवढ्यावर वर्षभर वेगवेगळी कार्डं करता येतात. दोन, प्लास्टिकची चमकी आणि चिकट खडे कार्डावर थापले की ते कागदाबरोबर पुन्हा वापरातही येत नाही आणि सुंदरही दिसत नाही. तीन, दुसऱ्याची रचना जशीच्या तशी उतरवून स्वतःच्या नावावर विकणं हे गैर आहे, मग ती रचना परदेशातल्या माणसाची का असेना.

आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात खटकते. आपल्या कार्डांवर मराठी जवळजवळ नसतं. बाजारातल्या ठशांच्या संचात ‘हॅपी ॲनिव्हर्सरी’ असतं, म्हणून मराठी आईवडिलांच्या कार्डावरही तेच उमटतं. हे बदलणं अवघड नाही. दुकानांचे आणि सोसायट्यांचे शिक्के करून देणारे कारागीर पुण्याच्या पेठांत आहेत. सुलेखन करणाऱ्या कुणाकडून ‘लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा’ एवढी अक्षरं लिहून घ्या आणि या कारागिरांकडे द्या. ते त्याचा ठसा करून देतील. अप्पा बळवंत चौकात कागद आहे, शाई आहे, मग शब्द तेवढे बाहेरून आणायचं काहीच कारण नाही. कार्डाच्या आत तर छापील चारोळी नकोच. तिथे आईचा उखाणा लिहा, तिने लग्नात घेतलेला, नाहीतर आता नव्याने जुळवलेला. बाबांनी पहिल्या पगारातून काय आणलं होतं ते लिहा. दोघांनी मिळून घेतलेल्या पहिल्या पंख्याची, पहिल्या रेशनकार्डाची, पहिल्या भांडणाची आठवण लिहा. बाहेरचा ठसा हजार जणांकडे असेल, आतल्या ओळी दुसऱ्या कुणाकडे असणार नाहीत.

हाताचं काम ओळखायची कसोटी अगदी सोपी आहे. हे कार्ड दुसऱ्या जोडप्याला दिलं तर चालेल का, असं विचारावं. चालत असेल, तर ते कितीही कुशलतेने रंगवलेलं असो, ते अजून पुरं झालेलं नाही. चालत नसेल, तर ठसा कुठल्या कंपनीचा आणि डाय कुणी बनवला हे विचारण्यात अर्थ नाही. कार्ड करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ओशाळू नका, मेहनतीची किंमत सांगताना आवाज खाली आणू नका, आणि पुढच्या कार्डावर मराठी उमटवा. आक्षेप घेणाऱ्यांना विनंती एवढीच, की घरात पुढचा लग्नाचा वाढदिवस येईल तेव्हा एक कार्ड स्वतः करून पाहा. ठसे, शाई, मशिन सगळं आमच्याकडून घेऊन जा. टेबलाशी दोन तास बसा आणि मग सांगा, त्यात तुमचं काय होतं.